ताई, तुम्ही थांबलात

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात स्पीच थेरपीच्या खोलीत आमच्या बाबांशी तुम्ही जशा वागलात, ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. जत्रेच्या नाटकात माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा माणूस पाणी मागताना अडू लागला. आधीच्या एका डॉक्टरांनी बाबांच्या समोरच मला सांगितलं, ‘ह्यांना आता काही कळायचं नाही. वय झालंय, सांभाळा.’ बाबांना सगळं कळत होतं. वाचाघातात शब्द अडतो, बुद्धी शाबूत असू शकते, एवढं तरी डॉक्टरला ठाऊक असावं! घरी येऊन बाबा भिंतीकडे तोंड करून निजले, जेवेनात. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलात आणि विचारलंत, ‘काका, सकाळीं कितें खाल्लें?’ मी सवयीने उत्तर द्यायला गेले, तर माझ्याकडे न बघताच तुम्ही हात वर केलात. आणि थांबलात. बाहेर माणसं खोळंबली होती, तरी थांबलात. बाबांच्या कपाळावर घाम आला. भलताच शब्द आला, तो त्यांनीच मान हलवून खोडला. तुम्ही त्यांच्या तोंडात शब्द घातला नाहीत. शेवटी ‘पे... पेज’ आलं. लहान मुलाला देतात तशी शाबासकीही तुम्ही दिली नाहीत. सरळ पुढे विचारलंत, ‘आनी तोंडाक?’, म्हणजे पेजेबरोबर तोंडी लावायला काय होतं. दोन मोठी माणसं गप्पा मारतात तसं. मला तेच सगळ्यात मोठं वाटतं.

लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो, हे बजावणाऱ्या सिस्टर आणि बाबांना धरून चालवणारे फिजिओ, त्यांचेही उपकार आहेतच. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य घेरतं असं तुमच्याकडूनच कळलं, तेव्हा भिंतीकडे वळलेल्या त्या तोंडाचा अर्थ लागला. समोरच्याला माणूस म्हणून विचारणं, आणि उत्तराची वाट बघणं. कामाच्या एवढ्या रगाड्यात हे ज्यांना सुचतं, त्यांच्या आईवडिलांनाही माझा नमस्कार सांगा.

आता आमच्या घरात बाबांचं वाक्य कोणी पुरं करत नाही. पाहुणे घाई करू लागले की माझा मुलगा त्यांना अडवतो, ‘आजोबांना बोलू द्या.’ परवा बाबांनी बराच वेळ घेऊन सांगितलं, पुढच्या खेपेला ताईंसाठी आमच्या झाडाचा नीरफणस न्यायचा. आणू तेव्हा नको म्हणू नका.

तुमची,
डिचोलीची एक मुलगी