चेंडू दाबून हात सुधारत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पक्षाघातानंतर रुग्णाच्या हातात व्यायामासाठी रबरी चेंडू देण्याची पद्धत थांबायला हवी. ज्याची बोटं आधीच आत वळून ताठरू लागली आहेत, त्याला मूठ आवळायचा सराव कशाला? त्याचं अडतं ते मूठ उघडण्यापाशी.

सराव खऱ्या कामाचा हवा. रुग्ण खुर्चीत ताठ बसलेला, कोपर ते मनगट टेबलावर टेकलेलं. समोरचा रिकामा प्लास्टिकचा पेला धरायचा, वीतभर पुढे सरकवायचा आणि सोडायचा. सोडल्यावरच ती एक खेप धरावी. बोटं सुटत नसतील तर मनगट किंचित तळहाताच्या बाजूला झुकवावं. हाताच्या पाठीकडचे स्नायू ताणले जाऊन पकड सैल होते. बोटं ओढून उघडू नयेत, त्यानं ताठरपणा वाढतो. पुढे सरकवताना पाठ खुर्चीपासून सुटली की समजावं, काम शरीर पुढे झुकून करतंय, हात नाही. मग पेला जवळ घ्यावा.

खेपा किती? अमेरिका व कॅनडातल्या केंद्रांच्या 2009 मधल्या पाहणीत एका सत्रात हाताच्या कामाच्या सरासरी 32 च हालचाली झालेल्या दिसल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते दिवसाला शेकडो खेपांनंतर. म्हणजे थेरपिस्ट गेल्यावरही सराव चालू राहायला हवा, थोडा थोडा, दिवसभर.

चांगला हात मोज्यात बांधून लुळ्या हाताकडून काम करून घेण्याची पद्धत गुणकारी आहे, पण सरसकट नाही. मनगट साधारण 20 अंश आणि बोटं 10 अंश आपणहून वर येत असतील, तरच ती वापरावी. एवढीही हालचाल नसलेल्याचा चांगला हात बांधला, तर त्याच्या पदरी फक्त हतबलता येते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र खांद्याचं होतं, आणि ते बहुतेक टाळता येण्यासारखं असतं. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनानं खांदा खोबणीतून खाली सरकतो. अशा वेळी उठवताना हात ओढणं, काखेत हात घालून उचलणं, दोरी-कप्पीनं हात डोक्यावर नेणं, हे तिन्ही वर्ज्य. बसताना हात उशीवर असावा, लोंबकळता नको. गळ्यात अडकवायची हाताची झोळी चालण्यापुरतीच, दिवसभर घातली तर कोपर वाकलेलं आखडतं.

रुग्णालयांनी घरी सोडताना गोळ्यांच्या वेळांसोबत खांदा कसा धरायचा, कोणतं काम, किती खेपा हेही लिहून द्यावं आणि उचलून बसवणाऱ्या माणसाकडून ते एकदा समोर करून घ्यावं.

– एक फिजिओथेरपिस्ट