अफवेला उत्तर संध्याकाळच्या आत हवं

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

नाशिकच्या पंचवटीत माझं औषधाचं दुकान आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, काउंटरवर बरीच माणसं चिठ्ठीऐवजी मोबाईल पुढे करायची. स्क्रीनवर कुठल्याशा लेटरहेडचा फोटो, डॉक्टरचं नाव कापलेलं. खाली आयव्हरमेक्टिन, डॉक्सी, झिंक, व्हिटॅमिन सी आणि मध्येच एक स्टिरॉइडची गोळी. "भाऊ, अख्खा कोर्स द्या, घरात सगळ्यांनाच ताप आहे." चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड देणार नाही म्हटलं, की गिऱ्हाईक तणतणत पुढच्या दुकानात.

स्टिरॉइड गंभीर रुग्णांसाठी, सौम्य आजारात नको, हे जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2020 मध्येच सांगितलं होतं. ते आमच्या गल्लीपर्यंत आलं नाही, कापलेली चिठ्ठी मात्र आली. पुढे काळ्या बुरशीने माणसांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर ही त्यामागची मोठी कारणं होती, हे आपल्या खात्याला मी सांगायला नको.

म्हणून सोशल मीडियावर सरसकट खापर फोडावं, असं मला वाटत नाही. ऑक्सिमीटर कसा लावायचा हे लोक त्याच मोबाईलवर शिकले. नेलपॉलिश पुसा, गार बोटं चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सहा मिनिटं चालून पुन्हा मोजा. पालथं झोपा. आजीबाईंनाही हे पाठ झालं, कारण सांगणारा ओळखीचा डॉक्टर होता, भाषा घरातली होती आणि लगेच करून बघता येत होतं. त्याच काळातली सरकारी परिपत्रकं मात्र स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये यायची. 'तथापि' आणि 'उपरोक्त' ओलांडून मुद्द्यापर्यंत पोचेस्तोवर माणूस ग्रुपवरचा पुढचा मेसेज उघडायचा.

उशीर किती महाग पडतो, हे आमच्या जिल्ह्यातल्या पोल्ट्रीवाल्यांना विचारा. 2020 च्या सुरुवातीला चिकनमुळे कोरोना होतो अशी आवई उठली. खुलासे आले, पण तोवर भाव कोसळले होते, पक्षी मातीमोल गेले होते.

माझी मागणी साधी आहे. अफवेला त्याच दिवशी उत्तर द्यायचा अधिकार तालुका आरोग्य अधिकाऱ्याला द्या. मुंबईहून मजकूर मंजूर होऊन येईपर्यंत सुरगाण्याच्या पाड्यावर लोकांनी काय करायचं? उत्तर मिनिटभराच्या आवाजात द्यावं. पेठ-सुरगाण्यात तिथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत, बागलाण-मालेगावकडे अहिराणीत, मालेगाव शहरात उर्दूतही. आणि 'ही अफवा आहे' एवढ्यावर थांबू नये, मग करायचं काय तेही त्यातच यावं.

प्रत्येक संदेशावर तारीख, वेळ आणि गाव हवंच. दुसऱ्या लाटेत 'बेड उपलब्ध, लगेच कळवा' असे बिनतारखेचे मेसेज जागा भरून गेल्यावरही फिरत राहिले. रुग्णाला गाडीत घालून नातेवाईक नंबर फिरवायचे आणि पलीकडून फोन बंद. मेसेज टाकणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, एवढंच.

हे उत्तर घरोघर नेणार कोण? अर्थात आशाताई. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत त्याच दारोदार फिरल्या आणि जून 2021 मध्ये त्यांनाच मानधनासाठी संपावर जावं लागलं. निदान मोबाईलचा रिचार्ज तरी त्यांच्या पदरचा नको.

2027 चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला देशभरातून गर्दी लोटेल, तीही पावसाळ्यात. जुलाब-उलट्यांची साथ आली, तर गोदेच्या पाण्याबद्दलचे खरे-खोटे व्हिडिओ आधी फिरतील आणि नमुन्यांचे अहवाल मागून येतील. त्या दिवशी बोलणार कोण, त्याचं नाव आणि नंबर आताच जाहीर करा. कागद माझ्या काउंटरच्या काचेवर मी स्वतः चिकटवीन.

आपला,
एक औषधविक्रेता
पंचवटी, नाशिक