पैसा कुणाचा, एवढंच विचारून भागत नाही

डिचोली, गोवा
आषाढ

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तब्येतीविषयी जेमतेम एक ओळ आणि बाकी सगळा शास्त्रज्ञांवरचा राग! ‘ज्याचा पैसा त्याचं शास्त्र, हवामानबदलाचंही तसंच असणार,’ असं लिहिलंयस. अरे, यातला पहिला अर्धा भाग आमच्या खाणपट्ट्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

इथे खाण सुरू करायची तर आधी पर्यावरण परिणाम अहवाल लागतो. तो लिहिणारा सल्लागार कंपनीच नेमते, फी कंपनीच भरते. 2006 च्या अधिसूचनेतली ही सोय आजही तशीच आहे. मग जनसुनावणी. पडद्यावर आलेख सरकत असतात, कुणीतरी इंग्रजीतून भराभर वाचत असतं, आणि मागच्या खुर्चीवरचे एक म्हातारे कुळागरवाले, म्हणजे सुपारीच्या बागेचे मालक, उठून विचारतात, “झर आटली ती कशानं, तेवढंच सांगा हो.” उत्तर येतं, “अभ्यासानुसार परिणाम नगण्य आहे.” शेजारच्या महाराष्ट्रात, रत्नागिरीत तर एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला सापडला होता. असं सगळं बघून घरी आलेला माणूस ‘तज्ज्ञ म्हणजे विकाऊ’ म्हणाला, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याने तो अविश्वास स्वतःची विहीर घालवून कमावलाय.

पण हाच अविश्वास भलतंच कुणीतरी आपल्या फायद्यासाठी वापरतं, तिथे माझं तुझ्याशी भांडण आहे.

एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीचं उदाहरण घे. 1977 मध्ये जेम्स ब्लॅक नावाच्या त्यांच्याच शास्त्रज्ञाने वरिष्ठांसमोर सांगितलं होतं की तेल-कोळसा जाळल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय आणि त्याने पृथ्वी तापेल. 1982 च्या त्यांच्या अंतर्गत अहवालात पुढच्या दशकांचा आलेखही आहे. 2019 च्या सुमारास दहा लाख भागांत साधारण 415 भाग कार्बन डायऑक्साइड असेल, असं तो आलेख दाखवतो. प्रत्यक्षात मे 2019 मध्ये हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत तेवढाच मोजला गेला. 1958 मध्ये तिथे मोजणी सुरू झाली तेव्हा तो 315 च्या आसपास होता. पुढे 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात काही संशोधकांनी 1977 ते 2003 मधली कंपनीची तापमानवाढीची भाकितं तपासली. त्यांतली 63 ते 83 टक्के बरोबर निघाली.

आता तुझं सूत्र इथे लावून बघ. पैसा तेल कंपनीचा, प्रयोगशाळा तिची, माणसं तिच्या पगारावरची, आणि शास्त्र मात्र खरं! पैशाने शास्त्र बिघडलं नव्हतं रे. ते कपाटात गेलं आणि बाहेर वेगळंच बोललं गेलं. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. 1997 मध्ये याच कंपनीचे प्रमुख ली रेमंड बीजिंगला जाऊन म्हणाले की पृथ्वी वीस वर्षांपूर्वीपेक्षा आज थंड आहे. तेल-कोळशातल्या बड्या कंपन्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी मिळून 1989 मध्ये ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ काढली होती. नाव ऐकून वाटावं, हवामानाची काळजी वाहणारे लोक! 2002 पर्यंत तिचं काम चाललं, ते उत्सर्जनावरच्या बंधनांना विरोध करण्याचं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल कंपन्यांच्या संघटनेने जमवलेल्या गटाचा 1998 चा आराखडा तर फारच उघड बोलतो: सामान्य नागरिकाला हवामानशास्त्रातल्या अनिश्चितता ‘समजल्या’ की आपण जिंकलो. ही युक्ती जुनीच. तंबाखूवाल्यांनी 1969 मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं, संशय हाच आपला माल. फ्रेडरिक साइट्झ हे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ तर आधी एका सिगारेट कंपनीचे सल्लागार होते आणि पुढे हवामानशास्त्रावर शंका घेणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत बसले.

तेव्हा या कंपन्यांना तू त्यांच्या बाजूने यायला नकोच आहेस. ‘कोण खरं, कोण खोटं, देव जाणे’ म्हणून तू घरी बसलास की त्यांचं काम झालं.

खरी अनिश्चितता असते, ती वेगळी. 2021 च्या जुलैत सत्तरी-डिचोलीत पाणी घरांत शिरलं, तेव्हा ‘हा हवामानबदलच’ असं छातीठोक सांगणारे पुढारी भेटले. शास्त्रज्ञ तसं सांगत नाहीत. एका पुराचा दोष थेट तापमानवाढीवर टाकण्याआधी बरंच गणित करावं लागतं. पण हवा तापली की ती जास्त बाष्प धरते आणि पावसाचा जोर वाढू शकतो, हे ते ठामपणे सांगतात. त्यांचं हे जपून बोलणंच जाहिरातवाले उचलतात आणि ‘बघा, यांनाच खात्री नाही’ म्हणून विकतात. ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञांच्या फुटलेल्या ज्या 2009 च्या ईमेलचा तू दाखला दिलास, त्यांचीही एकाहून अधिक चौकशी समित्यांनी छाननी केली. माहिती मोकळी करण्यात कुचराई केल्याचा ठपका बसला, पण आकडे बनवल्याचं कुणालाच आढळलं नाही.

म्हणून हल्ली पैसा कुणाचा हे मी विचारतोच, पण त्यावर थांबत नाही. आकडे मोकळे आहेत का? विरोधकाला ते तपासता येतात का? आपल्या गोव्यातल्या मोलेच्या अभयारण्याचंच बघ. 2020 मध्ये रेल्वे, रस्ता आणि वीजवाहिनी असे तिन्ही प्रकल्प जंगलातून काढायचं ठरलं, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी नावानिशी, जाहीर पत्रं लिहून आक्षेप मांडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीपुढे गेलं, आणि मे 2022 मध्ये कॅसलरॉक ते कुळे रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी न्यायालयाने रद्द केली. त्यातही शास्त्रच होतं, सुधीर. ते मांडणारे सगळे विकाऊ म्हणून आपण कान झाकले असते, तर न्यायालयात ठेवायला हातात काय उरलं असतं?

पटलं नाही तर सविस्तर लिही, नुसतं ‘तू भाबडा आहेस’ असं नको. चवथीला येतोयस ना? माटोळीचं, गणपतीवरच्या फळा-पानांच्या छताचं, सामान यंदा सत्तरीतून आणायचं ठरलंय, तुझी गाडी लागेल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आणि रक्तदाबाचं नीट कळव.

तुझा,
रघू