तेलाने नासलेल्या जमिनीला ‘शुद्ध’ असा दाखला देण्यापूर्वी : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी भूभौतिकशास्त्राचा अभ्यासक आहे. तेलगळतीने नासलेली जमीन जिवाणूंकरवी स्वच्छ केल्यावर ती खरोखर स्वच्छ झाली हे कशाच्या आधारे ठरवावे, एवढ्याच प्रश्नासाठी हे पत्र लिहीत आहे.

जिवाणूंच्या क्षमतेबद्दल माझ्या मनात शंका नाही. तेलावर जगणारे जिवाणू मातीत मुळातच असतात आणि त्यांना नत्र, स्फुरद व प्राणवायू पुरवला की त्यांचे काम वेग घेते. अलास्कात 1989 मध्ये ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाजातून तेल सांडल्यावर किनाऱ्यावर खते टाकून हाच उपाय केला गेला होता. अडचण आहे ती मोजणीची. मोजक्या बोअरच्या नमुन्यांवरून साऱ्या जागेचा निकाल लावला जातो. पण तेल जमिनीत सारखे पसरत नाही, ते वाळूतून वाट काढते, चिकणमातीवर अडते आणि भूजलाच्या पातळीपाशी साचते. एका जागी पहिल्या बोअरमधून निघालेली माती तळापर्यंत स्वच्छ, पिवळसर होती. तिथून चार पावलांवरच्या दुसऱ्या बोअरमध्ये मात्र पाण्याच्या पातळीला वीतभर जाडीचा काळा पट्टा होता आणि डिझेलचा वास नाकात बसत होता. आम्ही पहिल्या बोअरवर थांबलो असतो, तर अहवालात तेल उरलेच नसते.

बोअरच्या मधली जमीन पाहण्याचा मार्ग उपलब्ध आहे. धातूच्या सळया ठरावीक अंतरावर ठोकायच्या, माती कोरडी असेल तर त्यांच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतायचे, दोन सळयांतून वीज सोडायची आणि दुसऱ्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजायचा. अशा शेकडो मोजण्यांवरून संगणक जमिनीचा उभा छेद रेखाटतो. यासाठी खणावे लागत नाही आणि त्याच रेषेवर महिन्यामहिन्याला पुन्हा मोजता येते.

मात्र हे चित्र वाचताना एक धोका आहे आणि या पत्राचे खरे कारण तेच आहे. ताजे तेल वीज वाहू देत नाही, म्हणून ताज्या गळतीच्या जागी विशिष्ट रोध, म्हणजे जमिनीचा विजेला होणारा अडथळा, वाढलेला दिसतो. पुढे जिवाणू तेल खाऊ लागले की सेंद्रिय आम्ले आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, त्यांनी मातीतली खनिजे झिजतात, क्षार पाण्यात उतरतात आणि तीच जमीन आजूबाजूच्या जमिनीपेक्षाही अधिक वीजवाहक होऊ शकते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील बेमिजीजवळ 20 ऑगस्ट 1979 रोजी तेलवाहिनी फुटून सुमारे 17 लाख लिटर तेल सांडले आणि त्यातले सुमारे 4 लाख लिटर साफसफाईनंतरही तिथेच राहिले. पुढे कित्येक वर्षे चाललेल्या अभ्यासात भूजलाची पातळी वरखाली होते त्या पट्ट्यात चुंबकीय गुणही वाढलेला आढळला, कारण तेल विघटित करताना प्राणवायूऐवजी मातीतले लोह वापरणाऱ्या जिवाणूंच्या कामातून तिथे मॅग्नेटाइट हे लोहाचे चुंबकीय खनिज तयार झाले होते.

वाढलेल्या रोधाकडून घटलेल्या रोधाकडे जाताना जमीन एका टप्प्यावर अगदी निरोगी जमिनीसारखी दिसू शकते, आणि त्या वेळी तिच्यात तेल भरपूर असू शकते. नेमके त्याच महिन्यातले एकच चित्र जोडून कोणी दाखला मागितला, तर आपल्या अधिकाऱ्यांना ते खोडून काढता येणार नाही. शिवाय पाऊस, तापमान आणि जिवाणूंसाठी टाकलेले खतसुद्धा वाहकता वाढवते. खत म्हणजे शेवटी क्षारच.

म्हणून माझी विनंती आहे की, उपचार सुरू होण्यापूर्वीचे मूळ चित्र, उपचार चालू असतानाची नियमित चित्रे आणि काम संपल्यानंतर निदान एका पूर्ण ऋतुचक्राची चित्रे असल्याशिवाय असा दाखला देऊ नये. विशिष्ट रोधाबरोबर प्रेरित ध्रुवीकरणाचीही, म्हणजे वीज बंद केल्यावरही जमिनीत क्षणभर टिकणाऱ्या विद्युतदाबाचीही, मोजणी व्हावी, आणि शेजारची तेल न लागलेली जागा तुलनेसाठी त्याच दिवशी मोजली जावी. बोअर बंद करावेत असे मी मुळीच म्हणत नाही, कारण तेल किती उरले हे शेवटी प्रयोगशाळाच सांगू शकते. बोअर कुठे घ्यायचा हे चित्र पाहून ठरवावे आणि ते ठिकाण ठरवण्याचा अधिकार शुद्धीकरणाचे कंत्राट घेणाऱ्याकडे नसावा.

या मोजण्यांचे मूळ आकडे, केवळ रंगीत चित्रे नव्हेत, त्या जमिनीच्या आसपास राहून तिथले पाणी पिणाऱ्या लोकांना पाहता येतील अशा रीतीने खुले ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
भूभौतिकशास्त्राचा एक अभ्यासक