मधुमेहींच्या रिपोर्टवर एक ओळ वाढवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहावर पुष्कळ छापून येते, पण ते बहुतेक साखरेभोवती फिरते. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली, आणि मधुमेहींचे लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट) किती साळसूद दिसते हे तिथे रोज पाहिले, म्हणून हे पत्र.

नेहमीचा नमुना सांगते. टोटल कोलेस्टेरॉल १९०, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २६०, एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल ३४, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल १०४. टोटल २००च्या आत, एलडीएल १३०च्या आत, पेशंट खूश. ट्रायग्लिसराइडचा ठळक छापलेला आकडा ‘काल जेवण जास्त झालं’ म्हणून सोडून दिला जातो. खरी गोम तिथेच आहे. टाइप टू मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की चरबीच्या पेशींतून सुटलेली फॅटी ॲसिड यकृतात जातात आणि यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात सोडत राहते. त्या कणांशी देवाणघेवाण होऊन एचडीएल घटते, एलडीएलचे कण लहान नि दाट होतात. असे बारके कण धमनीच्या अस्तरात सहज शिरतात. आपण मोजतो ते कणांतले कोलेस्टेरॉल. कण किती, हे त्या १०४ वरून कळत नाही. शिवाय बऱ्याचदा एलडीएल मोजलेलेही नसते. टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून ते काढतात, आणि ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेले की हा हिशेब चुकतो.

त्यापेक्षा टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा. वरच्या रिपोर्टात उरतात १५६. हे नॉन-एचडीएल; त्यात धमन्यांना घातक सगळ्या कणांचे कोलेस्टेरॉल येते आणि त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. मधुमेहात ते १३०च्या आत, धोका जास्त असेल तर १००च्या आत हवे. काही लॅब हा आकडा छापतात. सगळ्यांनी छापावा, वेगळी तपासणी लागत नाही, एक वजाबाकी पुरते. (बायकांच्या एचडीएलची खालची मर्यादा ५० आहे, हेही जाता जाता तपासावे.)

दुसरे, काउंटरवर हमखास कानी पडणारे वाक्य: ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता ती गोळी बंद.’ अहो, गोळी चालू आहे म्हणून तो आकडा नॉर्मल आहे! आणि मधुमेहींना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी हीच गोळी, केवळ आकडा वाढला म्हणून देत नाहीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कार्ड्स’ चाचणीत २८३८ टाइप टू मधुमेही होते. त्यांना आधी हृदयविकार नव्हता, एलडीएलही फार वाढलेले नव्हते. रोज १० मिलिग्रॅम अटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारखे प्रसंग ३७ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट दिसला, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते हे खरे, पण हृदयाला होणारा फायदा त्याहून मोठा आहे. गोळी नकोशी वाटत असेल तर डॉक्टरांशी भांडा, परस्पर बंद करू नका. मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो, तेव्हा दुखेल तेव्हा बघू हा हिशेब इथे चालत नाही.

आपल्या आरोग्य पुरवणीचा एखादा अंक साखर बाजूला ठेवून या विषयाला द्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन