बायोडाट्यात जिनिंगचं काम आधी लिही

बुटीबोरी,
१४ जुलै

प्रिय दोस्ता,

पेरणी आटोपली, पऱ्हाटी चांगली निघाली हे ऐकून बरं वाटलं. कंपनीतल्या इलेक्ट्रिशियनच्या नोकरीसाठी तू केलेला बायोडाटा सावकाश वाचला. राग मानू नको, पण त्यात तुझं कामच दिसत नाही. वर देवाचं नाव, मग वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, छंद. हा लग्नाचा साचा झाला. मेंटेनन्सच्या साहेबाला यातलं काही लागत नाही. अन् हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, काढलेले हंगाम? तळाशी ‘अनुभव: २ वर्षे’, बस.

अरे, तुझं खरं बळ तिथंच आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, सरकी काढायची यंत्रं, म्हणजे रेचे, रात्रंदिवस चालतात, एक मोठी मोटर जळाली की सगळ्यांचा खोळंबा. अशा वेळी रात्रपाळीत फॉल्ट शोधणारा माणूस कंपन्यांना हवाच असतो. म्हणून वर नाव, मोबाईल, ईमेल, गाव-तालुका, अन् लगेच खाली काम. असं काहीसं: ‘२४ डबल रोलर जिनच्या थ्री फेज मोटरी, स्टार्टर व पॅनलची देखभाल, रात्रपाळीत स्वतंत्रपणे बिघाड दुरुस्ती.’ २४ हा माझा अंदाज, तू खरा आकडा टाक. मोटरी किती एचपीच्या होत्या, ओव्हरलोड रिले बदलले का, बेअरिंग टाकल्या का, मेगर मीटरनं वायरींचं इन्सुलेशन तपासायचास का, सगळं आठव. गावातल्या विहिरींवरच्या मोटरी तू रिवाइंडिंग करून देतोस, तेही लिही. पगाराची चिठ्ठी नाही म्हणून काम खोटं होत नाही.

त्याखाली आयटीआय, इलेक्ट्रिशियन ट्रेड, पास झाल्याचं वर्ष. तारतंत्री परवाना निघाला असेल तर तो ठळक. दहावी अन् एमएस-सीआयटीला एकेक ओळ पुरे.

जे येत नाही ते मात्र टाकू नको. पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा कंट्रोलर, येतो असं लिहिलंस तर मुलाखतीत त्यावर विचारणारच.

मोठ्या कंपन्यांत बरेचदा अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं. जाहिरातीत ‘पॅनल वायरिंग’, ‘प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स’ असे शब्द असतील अन् ते काम तू केलेलं असेल, तर नेमके तेच शब्द घाल. चौकटी, दोन रकाने, वेलबुट्टीची बॉर्डर काढून टाक. मजकूर नीट वाचला जात नाही. एकच पान ठेव, अन् कंपनीला कागदाचा फोटो न पाठवता पीडीएफ पाठव.

इंग्रजीची चिंता करू नको. आधी मराठीत, आपण बोलतो तसं लिहून काढ. इंग्रजीच्या धाकानं माणूस अर्धी कामं गाळतो. डवरणीच्या घाईत विसरशील, म्हणून आताच एका वहीत लिही अन् त्या पानांचे फोटो मला पाठव. इंग्रजी अन् पीडीएफ मी रविवारी बसून करतो. नंतर फोनवर एकेक ओळ वाचून दाखवीन, चुकलं तिथं थांबव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना बाकसोबती