यंदा त्यांचं साल नव्हतं

मन्रो, वॉशिंग्टन
22 सप्टेंबर 2024

प्रिय सुध्या,

'गेल्या वर्षीचे फोटो यंदाचे म्हणून खपवू नकोस' हा तुझा निरोप ऐकून हसलो. शंका रास्त आहे म्हणा. आमच्याकडच्या नद्यांत गुलाबी सॅल्मन हा मासा समुद्रातून अंडी घालायला विषम सालातच चढतो, 2021, 2023, मग थेट 2025, हे तुला मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि आता मीच 2024 च्या सप्टेंबरात नदीत उभ्या असलेल्या माशांचे फोटो पाठवतोय. फोटो यंदाचेच आहेत, गेल्या रविवारचे. फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच तुझ्या कलमांच्या फवारणीवर घसरशील, म्हणून हे पत्र.

आधी मासा कोणता ते नीट ऐक. इथे त्याला पिंक म्हणतात, आणि गरवणारी मंडळी हम्पी म्हणतात, कारण गोड्या पाण्यात शिरला की नराच्या पाठीवर हे एवढं कुबड उगवतं आणि जबडा चोचीसारखा वाकडा होतो. समुद्रात असेपर्यंत रुपेरी, देखणा. नदीत आला की अंग हिरवट-मातकट, पोट पांढरं, सगळी रयाच जाते. ओळखायची खूण म्हणजे शेपटीच्या दोन्ही पात्यांवर मोठे लांबट काळे ठिपके. इथल्या पाच सॅल्मनांत हा सगळ्यात लहान, साधारण दीड-दोन किलोचा.

पण त्याची खरी मजा त्याच्या वयात आहे. मोठा चिनूक सॅल्मन तिसऱ्या वर्षी परत येईल, चौथ्या येईल, पाचव्याही येईल. त्यामुळे वेगवेगळ्या सालांची पोरं एकाच नदीत भेटतात, सोयरीक होते. गुलाबीचं तसं नाही. गोट्यांखाली अंडी घालायची शरदात, वसंतात पिल्लं वर आली की नदीत न रेंगाळता तडक समुद्राकडे, तिथे दीडेक वर्ष खाऊन-पिऊन परत, अंडी घालायची आणि मरायचं. नर-मादी दोन्ही. सगळं मिळून दोन वर्षं. म्हणजे 2023 ला आलेल्यांची पोरं 2025 ला येणार, त्यांची 2027 ला. सम सालातल्या माशाशी त्यांची गाठ पडण्याचा प्रश्नच येत नाही. गिरणगावात एकाच खाटेवर दिवसपाळीवाला रात्री आणि रात्रपाळीवाला दिवसा झोपायचा, दोघं वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नसत, तसंच हे. फरक इतकाच की ही पाळी हजारो वर्षं चालली आहे, आणि तेवढ्यात दोन्ही घराणी रक्ताने वेगळी झाली आहेत.

वर अलास्कात दोन्ही घराणी नांदतात. आमच्या वॉशिंग्टन राज्यात, प्युजेट साउंड या खाडीला मिळणाऱ्या नद्यांत मात्र विषमवाल्यांचंच राज्य. पुयालप, ग्रीन, स्कॅजिट, स्टिलग्वामिश, कुठेही जा. त्या सालात काठावर खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात, सगळ्यांच्या दोरीला गुलाबीच आमिष, आणि एकाचा गळ दुसऱ्याच्या टोपीत. सम सालात तेच काठ रिकामे. लोक कोहो या दुसऱ्या सॅल्मनची वाट बघतात आणि हम्पीचं नाव काढत नाहीत.

याला एक अपवाद आहे, तो नेमका माझ्या घराजवळ. स्कायकोमिश आणि स्नोक्वाल्मी या दोन नद्या मन्रोच्या खाली मिळतात आणि पुढे स्नोहोमिश म्हणून समुद्राला जातात. या स्नोहोमिशच्या खोऱ्यात सम सालातही गुलाबीचा एक छोटा थवा चढतो. विषमवाल्यांच्या मानाने मूठभर. अंगाने जरा बारके, आणि अंडीही थोडी आधीच घालतात. 1996 साली केंद्र सरकारच्या मत्स्यखात्याने या सगळ्या माशांचा आढावा घेतला, तेव्हा या सम सालवाल्यांची नोंद स्वतंत्र गट म्हणून केली. कारण ऐकून चाट पडशील. त्याच नदीत, त्याच गोट्यांत जन्मलेल्या विषम सालच्या माशापेक्षा हा मासा दूर उत्तरेकडच्या सम सालच्या माशांना रक्ताने जवळचा आहे. शेजारी परका आणि शेकडो मैलांवरचा सख्खा!

तर रविवारी सुलतानच्या जवळ स्कायकोमिशवर गेलो होतो. हो, गावाचं नाव खरंच सुलतान आहे. आपल्या सुलतानाशी संबंध शून्य, इथल्या एका आदिवासी प्रमुखाच्या नावाचा गोऱ्यांनी केलेला तो अपभ्रंश. पाऊस अजून लागलेला नाही, पाणी घोट्या-गुडघ्याएवढं आणि काचेसारखं. एका उथळ वाकणावर मादी दिसली. ती एका कुशीवर आडवी होते आणि शेपटीने तळ बडवते, चार-पाच फटके सणसणीत. गोटे उचलले जातात आणि प्रवाह त्यांना मागे ढकलतो. मग सरळ होऊन त्या खड्ड्यावर तरंगते, जणू खोली मापते, आणि पुन्हा आडवी. तिच्या शेपटीची कडा घासून पांढरी फटक पडली होती, कातडी उरलीच नव्हती. मागे दोन कुबडे नर एकमेकांच्या अंगावर जात होते. थोड्या वेळाने एक नर तिच्या बगलेला चिकटला, दोघांनी तोंडं उघडली, अंग थरथरलं, पाण्यात दुधासारखा ढग उठला आणि विरला. लगेच ती जराशी वर सरकली आणि नवे गोटे बडवू लागली, म्हणजे त्यांनी खालची अंडी झाकली जावीत. एका मादीच्या पोटात दीड-दोन हजार अंडी असतात. तू असतास तर म्हणाला असतास, अरे एवढी गाभोळी वाया चालली!

काठावर एक म्हातारे गृहस्थ कुत्रं घेऊन उभे होते. मी म्हटलं, हम्पी आहेत. ते म्हणाले, 'छे, यंदा त्यांचं साल नाही.' मासा समोर दहा फुटांवर. मी शेपटीवरचे ठिपके दाखवले तरी मान हलवत निघून गेले. मला त्यांचा रागबिग आला नाही. चांगल्या चांगल्यांच्या डोक्यात हे वेळापत्रक इतकं पक्कं बसलंय की समोरचा मासा खोटा ठरतो.

आणि हे वेळापत्रक खरंच तेवढं पक्कं आहे का? याचा सगळ्यात भारी किस्सा सुपीरिअर सरोवराचा आहे. 1956 साली कॅनडात पोर्ट आर्थरच्या मत्स्यबीज केंद्रात पश्चिमेकडून आणलेली गुलाबीची पिल्लं होती. ती हडसनच्या उपसागराकडे सोडायची होती. काम झाल्यावर उरलेली वीसेक हजार पिल्लं कुणीतरी सरळ गटारात ओतून दिली. गटार नदीला, नदी सरोवराला. गोड्या पाण्यात हा मासा काय जगणार, असं सगळ्यांना वाटलं असणार. 1959 ला मिनेसोटाच्या ओढ्यांत दोन मासे सापडले, आणि पुढच्या वीस वर्षांत ते पाचही महासरोवरांत पसरले. समुद्राचं तोंड न बघता! सुरुवातीला अर्थातच सगळे विषम सालचे, मूळ पिल्लंच एका सालची ना. पण 1976 साली सम सालात अंडी घालणारे सापडले. थंड पाण्यात वाढ रखडलेले काही मासे दोनऐवजी तिसऱ्या वर्षी वयात आले, आणि तेवढ्याने त्या पाण्यात दुसरं घराणं उभं राहिलं. जो नियम आपण त्या माशाच्या हाडात आहे असं मानतो, तो चार उशिरा आलेल्यांनी मोडला.

हे वाचल्यापासून मला वेळेवर येणाऱ्या माशांपेक्षा वेळ चुकवणाऱ्यांचं जास्त कौतुक वाटायला लागलंय. तू म्हणशील, आयुष्यभर ऑफिसला उशिरा जाणारा दुसरं काय म्हणणार. पण गंमत सोड, यात एक काळजीची बाजूही आहे.

अलास्कात जुनोजवळ ऑक क्रीक म्हणून एक लहानसा ओढा आहे. तिथे येणारा-जाणारा मासा बांधावर मोजतात, वर्षानुवर्षं. तिथले गुलाबी सॅल्मन आता चाळीस वर्षांपूर्वीच्या मानाने जवळजवळ दोन आठवडे आधी ओढ्यात शिरतात. पाणी तापतंय, म्हणून मासा लवकर निघतो, एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, हुशार आहे. पण तिथे उशिरा येणाऱ्या माशांत पूर्वी मुद्दाम एक आनुवंशिक खूण रुजवलेली होती. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या खुणेचा माग सतरा पिढ्यांतून काढला, तर ती तिपटीहून जास्त घटलेली. उशिरा येणारे एकूण माशांत तीस टक्क्यांहून अधिक होते, ते दहाच्याही खाली आले. म्हणजे माशांनी नुसती सवय बदललेली नाही, उशिरावाल्यांचा वंशच आटत चाललाय. मासे भरपूर दिसतात, ओढा भरलेला दिसतो, पण सगळे एकाच घाईत.

एकाच वेळी येण्यात धोका काय, ते आम्ही इथे पाहिलंय. 2015 ला डोंगरावर बर्फच पडलं नव्हतं, उन्हाळ्यात नद्या आटल्या, पाणी कोमट. ते विषम साल, त्यामुळे सगळी गुलाबी जनता नेमकी तेव्हाच आली, तीही समुद्रातून अर्धपोटी, बारकी. त्यांची पोरं 2017 ला परतायची होती. नद्या ओस पडल्या. पुढे हळूहळू सावरलं, पण एका सालावर सगळं घर चालवणाऱ्याची काय गत होते ते कळलं. स्कायकोमिशमधल्या त्या मूठभर सम सालवाल्यांना म्हणून मी फालतू समजत नाही. त्यांच्या नावाने ना गर्दी ना बातमी. आले, अंडी घातली, मेले.

तू विचारलंस चव कशी. खरं सांगू? समुद्रातून नुकता आलेला असेल तर बरा. मांस मऊ, लवकर उतरतं. पकडल्याबरोबर रक्त काढून बर्फात ठेवलं नाही तर संध्याकाळपर्यंत लगदा. बहुतेक माल डब्यांत जातो. गेल्या साली मी आमसूल घालून तिखलं केलं होतं, पोरांनी ओरपलं. हिचा शेरा होता, 'बांगड्याची सर नाही.' कुबड आलेला मासा मात्र कुणी खात नाही, तो गरुडांचा आणि नदीचा.

आता कामाचं. तुझ्याकडे चढणीचे मासे यंदा कधी चढले? मृगाच्या पहिल्या पावसाला, की पाऊस लांबला म्हणून तेही लांबले? तुझे काका पाग घेऊन रात्री वहाळावर जायचे, त्यांना आठवतं का की आधी कुठल्या जाती यायच्या आणि मागून कुठल्या? त्यांच्याशी बोलून मला लिहून पाठव, अगदी सविस्तर. ही माहिती त्यांच्याशिवाय कुणापाशी नाही, आणि ते यंदा ऐंशीचे झाले.

पुढचं साल विषम आहे. व्हिसाची तारीख आत्ताच बघायला घे, तिकडे रांग मोठी आहे. तिकीट ऑगस्टअखेरचं काढ, गणपती आटोपून येतो म्हणू नकोस, तोवर मासा वर चढून कुबडा झालेला असेल. गणपती आमच्याकडे बसव, मोदक ही करते. परवाना मी काढून ठेवतो. फक्त येताना आमसुलं आण, इथल्या दुकानातली नुसती काळी, आंबटपणाचा पत्ता नाही.

काकूंना नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का ते कळव.

तुझा,
अव्या